परीक्षा की परदेश? हा प्रश्न दीडशे वर्षं जुना आहे

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. पण घरात पदवी झालेलं पोरगं किंवा पोरगी असेल तर चहा घेत घेत पूर्ण वाचा.

आपल्या गावातला स्टँडपासून कॉलेजपर्यंतचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. पूर्वी तिथं टायपिंगचे बोर्ड होते, मग कॉम्प्युटर क्लासचे आले. त्यानंतर अभ्यासिका आल्या. चोवीस तास चालू, वायफाय, पिण्याचं पाणी, मुलींसाठी वेगळी खोली. आता त्याच जिन्यांवर आणखी एक बोर्ड दिसतो : जर्मनी, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, शिक्षण आणि व्हिसा मार्गदर्शन. म्हणजे पहिल्या मजल्यावर एमपीएससी आणि दुसऱ्या मजल्यावर परदेश. मधल्या जिन्यात आपली पोरं उभी आहेत.

पत्रकार असल्यामुळे आईबाप मला विचारतात, "दादा, पोराला अजून एक अटेम्प्ट देऊ द्यायचा, का कर्ज काढून बाहेर पाठवायचं?" पेपरवाल्याला सगळं ठाऊक असतं असा आपल्याकडं एक समज आहे! मी काही करिअर सल्लागार नाही. पण जुनं वाचायचा नाद आहे, आणि जुनं वाचताना एक गोष्ट कायम दिसते. हा प्रश्न आजचा नाही. एके काळी तर हे दोन रस्ते वेगळे नव्हतेच. सरकारी परीक्षा द्यायची तर परदेशी जावंच लागायचं, कारण परीक्षाच लंडनला व्हायची.

तिथूनच सुरुवात करू.

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात साहेब लोकांच्या नेमणुका वशिल्यानं व्हायच्या. कंपनीच्या संचालकांची ओळख असली की पोरगा भारतात मोठ्या पगारावर रुजू. १८५३ च्या कायद्यानं ही पद्धत बंद झाली आणि जागा लेखी स्पर्धा परीक्षेनं भरायचं ठरलं. मेकॉलेच्या समितीनं १८५४ मध्ये आराखडा दिला आणि १८५५ मध्ये लंडनला पहिली परीक्षा झाली. कागदावर ती सगळ्यांना खुली होती. काळा-गोरा भेद नाही, गुण मिळवा आणि अधिकारी व्हा.

पण त्या कागदामागचा हिशेब बघा. परीक्षा फक्त लंडनला. पेपर इंग्रजीत. ग्रीक आणि लॅटिनला प्रत्येकी ७५० गुण, आणि आपल्या संस्कृतला किंवा अरबीला प्रत्येकी ३७५, म्हणजे बरोब्बर निम्मे. बोटीचं भाडं, तिथं राहण्याचा खर्च, शिकवणीची फी, सगळं घरचं. वर समुद्र ओलांडला म्हणून जातीबाहेर टाकण्याची भीती. दार उघडं होतं, पण उंबरठा पुरुषभर उंच होता.

१८६२ साली दोन बंगाली तरुण ही परीक्षा द्यायला बोटीत बसले. एक सत्येंद्रनाथ टागोर, म्हणजे रवींद्रनाथांचे थोरले भाऊ. दुसरा त्यांचा मित्र मनमोहन घोष. सत्येंद्रनाथ १८६३ मध्ये निवडले गेले, पहिले भारतीय आयसीएस. त्यांची नेमणूक बंगालमध्ये नाही, मुंबई इलाख्यात झाली. सातारकरांनो, हे वाचून बरं वाटेल : हे टागोर आपल्या साताऱ्याला न्यायाधीश होते आणि तिथूनच १८९७ मध्ये निवृत्त झाले. मराठी शिकले, तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले.

आता दुसऱ्या मित्राचं बघा. मनमोहन घोष दोनदा परीक्षेला बसले आणि दोनदा नापास झाले. घरापासून हजारो मैल लांब, पैसे संपत आलेले, बरोबरचा मित्र साहेब होऊन परत निघालेला. आजच्या भाषेत "एक प्री गेली, एक मेन्स गेली". पण लंडनला असतानाच त्यांनी वकिलीचं शिक्षण धरलं होतं. १८६६ मध्ये बॅरिस्टर झाले, कलकत्ता हायकोर्टात वकिली केली आणि त्या काळातल्या नामवंत फौजदारी वकिलांत त्यांचं नाव घेतलं जाऊ लागलं. पुढं काँग्रेसच्या पहिल्या पिढीतही ते होते.

एकाच बोटीनं गेलेले दोघं. पाठ्यपुस्तकात पहिल्याचं नाव येतं, आणि ते यावंच. पण आपल्या अभ्यासिकेतल्या बहुतेक पोरांना जास्त उपयोगी गोष्ट दुसऱ्याची आहे. परीक्षेनं नाही म्हटलं तेव्हा त्यांच्या हातात दुसरं काहीतरी होतं.

पुढची गोष्ट वयाची.

१८६९ मध्ये एकाच वर्षी चार भारतीय ही परीक्षा पास झाले. रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि आपले श्रीपाद बाबाजी ठाकूर. पहिले तिघं बंगालचे. त्यातले दत्त आणि गुप्त घरच्यांना न सांगता निघून गेले होते. चौथे मुंबई इलाख्यातले मराठी गृहस्थ. आज एमपीएससीच्या पुस्तकात बाकीच्यांची नावं सापडतात, ठाकुरांचं क्वचितच सापडतं.

निकाल लागला आणि सुरेंद्रनाथ व ठाकूर या दोघांवर आक्षेप आला. वय जास्त! तेव्हा वरची मर्यादा २१ वर्षांची होती. भानगड अशी की, आपल्याकडं वय सांगताना चालू वर्ष सांगायची रीत. पोराला पंधरा पूर्ण होऊन सोळावं लागलं की आजी सोळा सांगते. शाळेच्या दाखल्यावर तेच चढलं. साहेबानं मात्र सोळा पूर्ण धरले आणि नावं कापली. परीक्षा पास, दाखल्यामुळं नापास! शेवटी प्रकरण लंडनच्या कोर्टात गेलं, आपल्याकडची वय मोजायची पद्धत समजावून सांगावी लागली आणि दोघांच्या जागा परत मिळाल्या.

दाखल्यावरची जन्मतारीख, वयाची अट, कोर्टात अडकलेला निकाल. ओळखीचं वाटतंय ना?

सुरेंद्रनाथांची नोकरी टिकली नाही. १८७४ मध्ये कामकाजातल्या एका चुकीवरून त्यांना बडतर्फ केलं. दाद मागायला पुन्हा इंग्लंडला गेले, दाद मिळाली नाही. मग बॅरिस्टर व्हायचं ठरवलं, तर बडतर्फ माणूस म्हणून तेही दार बंद. परत आले आणि विद्यासागरांच्या कॉलेजात इंग्रजी शिकवू लागले. मास्तर झाले म्हणून संपले का? तेवढ्यात सरकारनं वयाची मर्यादा २१ वरून १९ वर आणली, ती १८७८ पासून लागू झाली. एकोणीस! म्हणजे भारतातल्या पोरानं शाळेतूनच बोटीत बसायचं. या अन्यायाविरुद्ध देशभर फिरून सभा घेणारा माणूस कोण? हेच सुरेंद्रनाथ. स्वतःचा निकाल कधीच लागून गेला होता, तरी पुढच्या पोरांसाठी फिरले. १८९५ ला पुण्यात काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा अध्यक्ष तेच होते.

या चळवळीची मुख्य मागणी साधी होती : परीक्षा लंडनला घेता तशी त्याच वेळी भारतातही घ्या. १८८५ मध्ये मुंबईला काँग्रेसचं पहिलं अधिवेशन झालं त्यातही ही मागणी होती. १८९२ पासून वयाची मर्यादा पुन्हा २३ झाली. १८९३ मध्ये तर ब्रिटिश पार्लमेंटच्या खालच्या सभागृहानं दोन्हीकडं परीक्षा घेण्याचा ठराव मंजूर केला. अंमलबजावणी झाली नाही. भारतात ही परीक्षा पहिल्यांदा झाली १९२२ मध्ये, अलाहाबादला. ठरावानंतर २९ वर्षांनी. पहिल्या अधिवेशनात मागणी करणारे कित्येक जण तोवर हयातही नव्हते.

मी हे का सांगतोय? कारण आपल्याकडं एक वाक्य फार चालतं : "पोरगं हुशार असेल तर निघतंच." इतिहास एवढं सोपं सांगत नाही. हुशारी लागतेच. पण हुशारीच्या जोडीला तीन गोष्टी दरवेळी दिसतात. पैसा कुणाचा, वय किती जाणार आणि परतीची वाट कुठली. या तिन्हींचा हिशेब ज्यांच्याकडं होता ते पास होवोत की नापास, उभे राहिले.

पैशाचं बोलू. चिंतामणराव देशमुखांचं नाव आपण घेतो. महाडजवळच्या नाते गावात जन्म, वडील वकील. मॅट्रिकला पहिले आले, जगन्नाथ शंकरशेठ संस्कृत शिष्यवृत्ती मिळवली. केंब्रिजला गेले, तिथं वनस्पतिशास्त्र शिकले आणि १९१८ मध्ये लंडनच्या आयसीएस परीक्षेत पहिले आले. पुढं रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग देशाचे अर्थमंत्री. आणि मुंबईच्या प्रश्नावर खुर्ची सोडणारे. फार मोठा माणूस. पण घरी शिक्षणाची परंपरा होती, हेही खरं.

ज्याच्या घरी काहीच नव्हतं त्याचं काय?

१९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, आणि करार असा की परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची. कोलंबिया विद्यापीठात १९१५ ला एमए झाले, १९१६ ला लंडनला गेले. आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. बुद्धी कमी पडली नव्हती. पैसा संपला होता.

करारानुसार बडोद्याला नोकरीवर हजर झाले, तर जातीमुळं राहायला जागा मिळेना. परदेशी पदवी खिशात असताना! तिथून मुंबईला आले. पण येताना लंडनहून त्यांनी एक गोष्ट आणली होती : चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसे बाजूला टाकले. मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये उसने दिले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दीड हजारांची मदत केली. १९२० मध्ये पुन्हा लंडन. १९२१ ला एमएस्सी, १९२३ ला डीएस्सी, बॅरिस्टरीही पूर्ण.

जयंतीला आपण त्यांच्या पदव्यांची यादी वाचतो. माझं म्हणणं, कधीतरी हा जमाखर्चही मोठ्यानं वाचा. शिष्यवृत्ती किती, मुदत किती, अट काय, कर्ज कुणाचं, स्वतःची बचत किती. जगातल्या मोठ्या विद्वानाला हा हिशेब चुकला नाही, तर आपल्या पोरांना तो न करता कसं चालेल?

अजून एक उदाहरण, कारण मुलींच्या आईबापांनी वाचावं. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी काढला. सुरुवातीच्या लाभार्थींमध्ये एक डॉक्टर बाई होत्या, कृष्णाबाई केळवकर. शिकून आल्या आणि कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात रुग्णसेवा केली. हा निधी म्हणजे खैरात नव्हती. ते कर्ज होतं, फेडायचं होतं. पण कर्ज देणारा विद्यार्थी पारखून देत होता आणि घेणारा कशासाठी घेतोय ते त्याला ठाऊक होतं.

आता आजचं.

स्वातंत्र्यानंतर उंबरठा खूप खाली आला, हे मान्य करायला हवं. कोठारी समितीच्या शिफारशीनंतर १९७९ पासून यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येऊ लागली. शेतकऱ्याचं, रिक्षावाल्याचं, अंगणवाडी ताईचं पोरगं कलेक्टर झालं ते यामुळं. पूर्व परीक्षेचा पेपर मात्र आजही इंग्रजी आणि हिंदीतच असतो.

पण गर्दी? यूपीएससीला दरवर्षी दहा लाखांच्या आसपास अर्ज आणि जागा हजाराच्या आसपास. वयाची मर्यादा खुल्या गटाला ३२ आणि सहा प्रयत्न. एमपीएससीला खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३. एकोणीस वर्षांच्या अटीविरुद्ध सुरेंद्रनाथ देशभर फिरले होते. आज उलटी गंमत आहे. मर्यादा इतकी लांब की थांबायचं कधी हेच कुणी सांगत नाही. विसाव्या वर्षी अभ्यासिकेत शिरलेलं पोरगं अडतीसपर्यंत कायद्यानं "विद्यार्थी" राहू शकतं.

आणि त्यात सरकारी वेळापत्रक. २०२० मध्ये व्हायची राज्यसेवा पूर्व परीक्षा पुढं पुढं ढकलत मार्च २०२१ वर आली, आणि तीही तीन दिवसांवर असताना पुन्हा पुढं ढकलली. पुण्यात पोरं रस्त्यावर उतरली तेव्हा कुठं २१ मार्चला पेपर झाला. त्यानंतर मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचं ठरलं. तयारीला वेळ द्या म्हणून २०२३ मध्ये पुन्हा आंदोलन, आणि मग ते २०२५ पासून लागू करायचं ठरलं. मनमोहन घोषांच्या वेळीही अभ्यासक्रम मधेच बदलला होता! दीडशे वर्षांत बोटीची विमानं झाली, पण मधेच नियम बदलायची सवय गेली नाही.

मग वैतागून पोरगं वरच्या मजल्यावर जातं. तिथं काय? इथंही उंबरठा आहे, फक्त तो रंगीत पत्रकात दिसत नाही. बँकेच्या शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखांच्या वर साधारणपणे तारण लागतं, आणि बँका सहसा शेतजमीन तारण धरत नाहीत. मग राहतं घर किंवा गावातला प्लॉट. शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या मुलांसाठी आहे, वर्षाला ७५ जागा. राज्याच्या लोकसंख्येला ७५! तीही जगातल्या वरच्या क्रमांकाच्या विद्यापीठात प्रवेश असेल तर. आणि परदेशी सरकारं नियम बदलण्यात आपल्यापेक्षा मागं नाहीत. २०२४ च्या जानेवारीत कॅनडानं विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा आणली. त्याच महिन्यापासून इंग्लंडनं बहुतेक मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना जोडीदार-मुलं सोबत नेण्याची मुभा बंद केली. ज्यांनी आधीच्या नियमांवर गणित मांडलं होतं त्यांचं गणित एका परिपत्रकात बदललं.

म्हणून कुणी मला विचारलं की परीक्षा का परदेश, तर मी उलट तीन प्रश्न विचारतो. हे प्रश्न माझे नाहीत, वर सांगितलेल्या माणसांच्या आयुष्यातून आलेले आहेत.

पहिला : पैसा कुणाचा आणि अट काय? बापाचा असेल तर बापाच्या दवाखान्याला आणि बहिणीच्या शिक्षणाला किती उरतो तेही लिहा. बँकेचा असेल तर हप्ता कधी सुरू, किती, आणि तिकडं नोकरी नाही मिळाली तर इथल्या पगारातून तो फिटतो का? एजंट सांगेल ते नको. करारावर लिहिलंय ते वाचा. बाबासाहेबांना आपला करार आणि त्याची मुदत माहीत होती.

दुसरा : घड्याळ कुणाच्या हातात? आयोगाची मर्यादा ३८ असेल, तुमची स्वतःची किती? तीन प्रयत्न? चार वर्षं? आकडा घरच्यांसमोर बसून ठरवा आणि कागदावर लिहा. तो मनात ठेवला की दर निकालानंतर एक वर्ष पुढं सरकतो.

तिसरा : परतीची वाट कुठली? अभ्यास करता करता हातात दुसरं काय येतंय? वकिली, बीएड, अकाउंट्स, इलेक्ट्रिशियनचं काम, दुधाचा धंदा, काहीही. परदेशी जाणाऱ्यालाही हाच प्रश्न : ती पदवी आपल्याकडं चालते का, त्या विद्यापीठाला कुणी ओळखतं का? मनमोहन घोषांनी दुसरी वाट लंडनला असतानाच धरली, नापास होऊन घरी बसल्यावर शोधली नाही.

आणि एक प्रश्न आपल्या सगळ्यांसाठी. अभ्यासिकेत बत्तीस वर्षांचं पोरगं बसलेलं दिसलं की आपण काय बोलतो? "अजून चालूच आहे का?" हे चार शब्द किती लागतात ते त्या पोरांना विचारा. गावाकडच्या जत्रेला, लग्नाला ती पोरं का येत नाहीत? या प्रश्नाच्या भीतीनं. यश मिळालं की गुलाल आपला, फ्लेक्स आपला आणि अपयश मात्र त्याचं एकट्याचं, असं कसं चालेल? जो थांबतो आणि दुसरं काम धरतो त्याच्याही पाठीवर थाप पडली पाहिजे. थांबायला हिंमत लागते.

राहिला सरकारचा भाग. वेळेवर जाहिरात, ठरलेल्या तारखेला परीक्षा, ठरलेल्या मुदतीत नेमणूक. पेपर फुटला तर जबाबदार माणूस आत. परदेश शिष्यवृत्तीच्या जागा वाढवा. या मागण्या पोरांनी एकट्यानं पुण्याच्या रस्त्यावर का मागायच्या? प्रचाराला दारात येणाऱ्या प्रत्येकाला आपणही विचारलं पाहिजे. परीक्षा आपल्या देशात घ्या एवढ्या साध्या मागणीला १९२२ उजाडलं, तेही मागणारे मागत राहिले म्हणून.

घरात हे बोलणं आज रात्री जेवताना काढा. ओरडू नका, टोमणा मारू नका. वही घ्या, तीन रकाने आखा आणि पोराला शेजारी बसवा.